धामणीला मिळालेला स्टे

सप्तापुरात कुणाच्या न्हाणीघरात साप निघाला, की लोक आधी किंचाळत आणि मग बापूअण्णांना हाक मारत. अण्णा दिवाणी वकील. काळ्या कोटातच धावत यायचे. एका हातात साप धरायचा आकडा, दुसऱ्या हातात त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, जुन्या इरकली लुगड्यांची शिवलेली नाडीची पिशवी.

"पक्षकार कुठाय?" हा पहिला प्रश्न.

साप त्यांचा पक्षकार आणि घुसखोर आपण. "कॉलनीच्या आधी इथं माळ होता. वहिवाट कुणाची? ह्याची. हौदो अल्लो? होय की नाही?" स्टुलावर चढलेला घरमालक तिथूनच "हौद, हौद, होय" म्हणायचा.

त्याच दिवशी पक्षकाराला हळियाळ रोडच्या सरकारी जंगलात सोडायचं. स्कूटर माझी. मागे अण्णा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये वळवळणारी पिशवी! माझी पाचावर धारण बसे. तरी मी जायचोच, कारण पिशवी उघडल्यावर तो कुठल्या वाटेनं जातो, हे बघितल्याशिवाय मला करमायचं नाही. मुलीला स्थळ बघावं तशी अण्णा जागा बघत. दिवड असेल तर पाणी हवं, नागाला वारूळ हवं. साप दिसेनासा झाला, की हात झटकून म्हणत, "निकाल लागला. चला मास्तर."

पण अण्णांच्याच मागच्या दारी, धुण्याच्या दगडाखाली, एक धामण वर्षानुवर्षं राहत होती. तिला मात्र ते हात लावत नसत. विचारलं तर म्हणत, "त्या केसला स्टे आहे."

आम्हाला ही थट्टाच वाटायची. अक्का गेल्या, तरी उत्तर तेच.

मग शेजारच्या रिकाम्या जागेवर बांधकाम निघालं. मजुरांनी धामण बघितली आणि पहारी उचलल्या. अण्णा अनवाणी मध्ये पडले. दुपारी मला हाक आली, "मास्तर, गाडी काढा की."

त्या दिवशी जागा पसंत पडायला फार वेळ लागला. इथं ऊन, तिथं मुंगसाची भीती. शेवटी एका बांबूच्या बेटाशी त्यांनी नाडी सोडली. धामण सरसर निघून गेली. अण्णा "निकाल लागला" म्हणालेच नाहीत. पिशवी घेऊन खालीच बसले.

"स्टे तुमच्या अक्कानं घेतला होता," ते म्हणाले. "म्हणाली, 'हिला नेऊ नका. तुम्ही दिवसभर कोर्टात, मला मागच्या दारी हिचीच सोबत.' अक्का गेल्यावर मीही कोर्टातनं आलो की दगडापाशी बसून दिवसभराचं सांगायचो. ऐकतंय कोण, ते सोडा. आज तिचा स्टे मोडला मी."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण धामण जिवंत राहिली. हौदो अल्लो?"

"हौद," अण्णा म्हणाले. पिशवीची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "पण हे सगळं आता घरी जाऊन सांगू कुणाला?"