तीन तासांचे न्यूयॉर्क

पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये, आपल्या स्वयंपाकघरात वेंडेल क्रोझरने पिस्तूल तिसऱ्यांदा तपासले. मेहुण्याकडे, व्हरमाँटला, नेमबाजीसाठी ते न्यायचे होते. त्याचा पेनसिल्व्हेनियाचा परवाना वाटेतल्या न्यूयॉर्क राज्यात चालत नाही, आणि व्हरमाँटला परवाना लागतच नाही. न्यूयॉर्कचे काय करायचे ते नेमबाजी क्लबातल्या वकिलाने कागदावर लिहून दिले होते: पिस्तूल रिकामे, कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या डब्यात, सगळे डिकीत. आणि वाटेत उगाच थांबायचे नाही, कारण सूट फक्त राज्य ओलांडून जाणाऱ्याला. वेंडेलने तो कागद पुन्हा वाचला, जड पोलादी पेटीला कुलूप घातले आणि बायकोला हाक मारली. लोर्ना तेव्हा कॉफीचा दुसरा मग संपवत होती.

बिंगहॅम्टन शहर मागे पडले तेव्हा ती म्हणाली, "पुढे रस्त्याकडेला स्वच्छतागृह आलं की थांबव."

"थांबता येत नाही. न्यूयॉर्क लागलं."

"अरे, मला जायचंय."

"व्हरमाँटला जा. तीन तासांचा प्रश्न आहे."

"तीन तास? वेंडेल, मी साठीची बाई आहे."

"थांबलो की आपला प्रवास संपला. मग मी नुसता पिस्तूल बाळगणारा माणूस. तुरुंगात जाईन."

"जा. तिथे संडास तरी असतो."

स्वच्छतागृह आले आणि गेले. लोर्नाने मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले. पुढे रस्त्याचे काम निघाले आणि गाडी चाळीस मिनिटे एका जागी उभी राहिली.

"आता तर थांबलोच आहोत. उतरते मी."

"हे सरकारने थांबवलंय. तू उतरलीस तर आपण थांबलो असं होईल."

"पिस्तूल तुझं, कायदा तुझा, आणि कळा मी सोसायच्या?"

वेंडेलला वाईट वाटत होते, अगदी मनापासून. पण त्याने दारे आतून बंद केली. अल्बनी शहर मागे पडले तरी लोर्ना पाय आवळूनच बसली होती. व्हरमाँटच्या पहिल्या पेट्रोलपंपावर गाडी पुरती थांबायच्या आत तिने दार उघडले.

मेहुणा डीन अंगणात वाट पाहत होता. वेंडेलने ऐटीत पेटी आणली, कुलूप काढले, झाकण उघडले. आत पुसायचे फडके होते आणि वकिलाचा कागद होता.

"पिस्तूल?" डीनने विचारले.

वेंडेलच्या डोळ्यांपुढे ते लख्ख उभे राहिले. घरी ओट्यावर, टोस्टरच्या शेजारी. कागद वाचायला हात मोकळे हवेत म्हणून तिथे ठेवलेले.

लोर्नाने पेटीत एकदा डोकावले आणि हात पुढे केला. "किल्ली."

"पेटीची?"

"गाडीची."

रविवारी परतताना तीच चालवत होती. गोळ्यांचा डबासुद्धा डीनकडेच राहिला. न्यूयॉर्क राज्यात ती अकरा ठिकाणी थांबली. आठव्या ठिकाणी तर नुसते गवत होते.

"इथे काय आहे?" वेंडेलने दबकत विचारले.

"काही नाही," लोर्ना म्हणाली आणि सीट मागे करून निवांत टेकली. "थांबता येतं, म्हणून थांबले."