मी शे, घाबरू नका

विसरवाडीचे उत्तमनाना कुठल्याही दारातून गुपचूप आत येत नाहीत. आधी चौकटीवर टकटक करतात, घसा खाकरतात आणि मोठ्याने अहिराणीत सांगतात, “मी शे रे, घाबरू नका.” मग आत. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात. एकदा तर मयताच्या घरी. रडणाऱ्या बायका दचकून गप्पच झाल्या.

सवय कोंबड्यांची. नानांची पोल्ट्री होती. शेडमध्ये माणूस एकदम शिरला की कोंबड्या बिचकतात, कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. म्हणून आधी आवाज द्यायचा. पुढे बर्ड फ्लूची साथ आली, सगळ्या कोंबड्या माराव्या लागल्या. शेड रिकामी झाली ती झालीच. आवाज तेवढा राहिला.

नाना आमच्या पक्षीनिरीक्षण गटात आहेत. गटाच्या सहलींचं सगळं मी बघते. गाडी, डबे, पाणी, कोण कुठे बसणार. या हिवाळ्यात गुजरातच्या किनाऱ्यावरच्या अभयारण्यात गेलो. तिथे तोंड उघडायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. नानांना दोनदा.

“ताई, मी काय पोऱ्या शे का?” ते म्हणाले.

ओहोटी होती. रोहित पक्ष्यांचा थवा चिखलात माना घालून उभा. आम्ही झुडपांआडून वाकून, श्वास धरून पुढे सरकत होतो. कॅमेरावाल्या डॉक्टरांनी नेम धरला. तेवढ्यात मागून टकटक. नाना माहितीफलकाच्या खांबावर काठी वाजवत होते.

“मी शे रे, घाबरू नका.”

अख्खा किनारा उडाला. डॉक्टरांचा आ वासलेलाच राहिला. पण आमच्यापेक्षा नानाच जास्त हादरले होते.

“सांगीसन बी उडी गयात?” आवाज देऊनही पक्षी उडाले कसे, हेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

परतताना नवापूरला चहासाठी थांबलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “यापुढे हे गटात नकोत. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. तुम्हीच सांगा त्यांना.”

म्हणून विसरवाडीला मी नानांबरोबर उतरले. गाडी रस्त्यावर थांबवली आणि घरापर्यंत शब्द जुळवत चालले. नानाच आधी बोलले.

“ताई, साथ उनी तवय त्या सरकारी पांढरा कपडावाला सरळ आत घुसनात. मारनं व्हतं, मान्य शे. पन पहिले आवाज त देवाना व्हता. कोपराम्हा ढीग व्हयी गया व्हता त्यास्ना.”

नाना काठी ठेवायला शेडकडे वळले. दाराशी थांबले, टकटक केली, खाकरले. किनाऱ्यावरच्यापेक्षा कितीतरी हळू म्हणाले, “मी शे रे, घाबरू नका.”

आत उपडी घातलेली पाण्याची भांडी, तुसाचा जुना वास. बाकी काही नाही.

“या ना ताई, आत या,” नाना म्हणाले.

डॉक्टरांचा निरोप तोंडातच राहिला. मी पाऊल उचललं, मागे घेतलं. चौकटीवर टकटक केली.

“मी आहे,” म्हटलं, आणि मग आत गेले.