कारंज्यामागचं घर

मास्तरांच्या घरात शिलाई मशीन कुठे ठेवायचं हे मास्तर ठरवत नसत, छप्पर ठरवत असे. पत्र्याला सात भोकं होती आणि दर पावसात आठवं सापडे. पाणी टपकत नसेल तिथे मशीन, टपकेल तिथे बादली, आणि या दोन्हींमधून जी काही जागा उरे तिच्यात मास्तर आणि त्यांची बायको संसार करत. मागच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर गंजाचं पाणी पडलं होतं, आणि तेही अशा ठिकाणी की ते गिऱ्हाईक पँट न घेताच, पण बरंच काही बोलून गेलं.

"छप्पर होणार का नाही, ते एकदाच सांगा," बायको म्हणाली.

"होणार. साहेब म्हणालेत."

"साहेब चार वर्षं म्हणतायत. आता मी म्हणते. या वेळी झालं नाही तर मी बहिणीकडे निघाले. तुम्ही राहा तुमच्या बादल्या घेऊन."

साहेब म्हणजे वस्ती सुधारण्याच्या योजनेचे इंजिनिअर. योजना फुटबॉल स्टेडियमभोवतीचा सगळा भाग नवा करण्याची होती आणि तिची सुरुवात स्टेडियमपासूनच झाली होती. स्टेडियम झालं, समोरचा रस्ता झाला, दिव्याचे खांब झाले. खेळाडूंच्या बसला वळायला ऐसपैस चौकही झाला. राहिली ती फक्त वस्ती. मैदानाला तोंड करून उभी असलेली अठरा घरांची एक रांग, आणि तिच्या अगदी टोकाला मास्तरांचं घर. उद्घाटनाचा सामना आठ दिवसांवर आला तेव्हा ही रांग अजून तशीच आहे हे वरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं.

साहेब त्याच दिवशी मास्तरांकडे आले. चहा घेताना कपात वरून एक थेंब पडला, तो त्यांनी पाहून न पाहिल्यासारखा केला.

"मास्तर, रांगेसमोर कापड लावायचंय. पुढे इथे काय होणार त्याचं चित्र छापलंय. इमारती, झाडं, शेवटी बाग, बागेत कारंजं. चाळीस पट्टे आलेत. तुम्ही फक्त एकाला एक जोडून द्यायचे."

"आणि घरं?"

"घरं लगेच त्यानंतर. आधी कापड, मग काम."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पत्र्याकडे पाहिलं.

मास्तर तीस वर्षं कपडे शिवत होते आणि त्यांचा एक नियम होता. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच माया ठेवायची. उद्या माणूस सुटला तर शिवण उसवून कपडा सैल करता आला पाहिजे. त्यांनी शिवलेल्या एकाच शर्टात लोकांची लग्नं झाली होती, पोटं सुटली होती आणि शर्ट टिकले होते. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये चार दिवस बसून त्यांनी चाळीस पट्टे जोडले आणि एकोणचाळीस शिवणींत हात आखडता न घेता माया ठेवली. चित्रातल्या बाकावर तीन म्हातारे बसले होते, त्यातला मधला एका शिवणीत अर्धा गेला. मास्तरांना जरा वाईट वाटलं, पण शिवण सरळ आली होती.

कापड रांगेच्या पहिल्या घरापासून बांधत आणलं. सतरा घरं झाकली गेली आणि कापड संपलं. अठरावं घर उघडंच राहिलं, दार, खिडकी, पत्रा आणि दारात उभ्या मास्तरांसकट.

साहेबांचा चेहरा उतरला. "तेरा फूट कमी कसं पडलं?"

"माया ठेवलीय साहेब. चार इंच एका शिवणीला."

"माया? कशाला?"

"उद्या अंगाला घट्ट झालं तर..."

"मास्तर, हे कापड आहे! हे काय जाड होणार आहे का?"

नवं कापड छापून यायला पंधरा दिवस लागणार होते आणि सामना तीन दिवसांवर होता. साहेब डोकं धरून बसले. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "एकच घर दिसतंय ना? मग तेवढं एक नवं करून टाकू. उद्या सकाळी नवे पत्रे, दुपारी रंग. संपला विषय!"

मास्तरांची बायको आत गेली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिने सगळ्या बादल्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या. ती गुणगुणत होती. मास्तरांनाही गुणगुणावंसं वाटलं, पण तेवढ्यात कापडाच्या मागून माणसं बाहेर यायला लागली.

सगळ्यांत पुढे शेजारचा चावीवाला होता. त्याच्यामागे इस्त्रीवाली मावशी.

"वा मास्तर," चावीवाला म्हणाला. "बरोबर तेरा फूट. बरोबर आपल्या घरापुरतं."

"अरे, चुकून झालं."

"तीस वर्षं आमची मापं घेताय. माझ्या कमरेत अर्धा इंच वाढला तर मला कळायच्या आधी तुम्हाला कळतं. आणि तेरा फूट चुकून?"

"आमची घरं झाकून स्वतःचं तेवढं करून घेतलं," मावशी म्हणाली. "माझ्याकडचे कपडे तुमच्याकडे देत होते ना शिवायला? आजपासून बंद."

मास्तर कात्रीत सापडले. चूक झाली म्हणावं तर ज्याचं माप तेरा फुटांनी चुकतं त्याच्याकडे कापड टाकणार कोण? मुद्दाम केलं म्हणावं तर तोंड दाखवायला जागा नाही. चूक झाली असंच ते सांगत राहिले आणि कुणीही ते खरं धरलं नाही. संध्याकाळी नळावर त्यांच्या बायकोच्या पुढे-मागे कुणी उभं राहिना. चावीवाल्याने दोन वर्षांपूर्वी शिवलेली पँट आणून उंबऱ्यावर ठेवली.

ती पँट बघून मास्तरांना फार लागलं. ते रात्रभर जागे राहिले नाहीत, पण जेवण मात्र गेलं नाही.

सकाळी पत्रे घेऊन टेम्पो आला. मास्तर दारात आडवे आले.

"साहेब, पत्रे परत न्या. माया ठेवलीय ती उसवून देतो. कापड पुरेल."

बायको आतून बाहेर आली. "डोकं ठिकाणावर आहे का? दारात आलेलं छप्पर परत पाठवताय?"

"आपल्याच डोक्यावर छप्पर घेऊन या रांगेत राहता येणार नाही गं."

"मग आपण रांगेसारखं गळक्यातच मरायचं?" ती म्हणाली. तिने कोपऱ्यातल्या बादल्या घेतल्या आणि एकेक करून आपापल्या जागी ठेवल्या. मास्तरांना ते बघवेना.

टेम्पो परत गेला. साहेबांचे पत्रे वाचले म्हणून साहेब खूश झाले. बाकी कुणी काहीच म्हणालं नाही, कारण हे घडलं तेव्हा सगळी रांग कापडाच्या मागे होती आणि कुणाला काही दिसलंच नाही.

कापड उतरवून पुन्हा पार्किंगमध्ये नेलं आणि मास्तर उसवायला बसले. एकेक शिवण उसवायची आणि अगदी काठावरून, दोन दोऱ्यांच्या मायेवर पुन्हा मारायची. अशी शिवण त्यांनी जन्मात मारली नव्हती. प्रत्येक शिवणीला ते मनात गिऱ्हाइकाची माफी मागत होते. शेवटचे तीन पट्टे राहिले तेव्हा बायको पार्किंगमध्ये डबा घेऊन आली. बागेचे ते पट्टे आपल्याच घरासमोर येणार हे तिला माहीत होतं.

"आपल्या दारातलं तरी नीट शिवा," ती म्हणाली. "कापडी का होईना."

म्हणून शेवटच्या दोन शिवणी मास्तरांनी दुहेरी मारल्या आणि वरून हाताने पक्का टाका घातला. त्यांना तेवढंच बरं वाटलं. कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरलं.

सामना सुरू झाला. पाहुणे आले, भाषणं झाली. गोल मात्र कुणीच करेना. उत्तरार्धात वारा सुटला, कापड पोटात हवा भरल्यासारखं फुगलं आणि पहिली शिवण टर्रकन गेली. तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. मास्तर घरात बसून आवाज मोजत होते. सदतिसावा आवाज झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

कंटाळलेल्या कॅमेरावाल्यांना देवच पावला. त्यांनी मैदान सोडून रांगेकडे कॅमेरे वळवले. पडलेल्या भिंती, तुंबलेलं गटार, बनियनवर दात घासत असलेला चावीवाला, आणि रांगेच्या सामाईक दोरीवर वाळत घातलेली ती गंजाच्या डागाची पांढरी पँट हे सगळं देशभर दिसलं. चावीवाल्याने हात हलवला तोही दिसला. सतरा घरं लख्ख दिसली. अठराव्यासमोर हिरवीगार बाग होती, आणि एक इंचही न हलता तिथे कारंजं उडत होतं.

फार बोभाटा झाला. चौथ्या दिवशी हुकूम निघाला की फोटोत जेवढी पडकी घरं दिसतात तेवढी तीन महिन्यांत नवी बांधून द्यायची. साहेब फोटो घेऊन रांगेत आले आणि घरं मोजत मोजत मास्तरांच्या दारापर्यंत येऊन थांबले.

"साहेब, अठरावं?"

"अठराव्या जागी बाग आहे," साहेब खाली बघत म्हणाले.

"बागेच्या मागे माझं घर आहे. तुम्ही आत बसून चहा प्यालाय."

"मला माहीत आहे हो मास्तर. फोटोला माहीत नाही, आणि हुकूम फोटोवर आहे. वर कळवलं तर म्हणतात, बाग झालेली दिसते आहे, ती पाडून तिथे घर कसं बांधणार?"

मास्तर फोटो हातात घेऊन बघायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या गळ्यात पडलं. चावीवाला होता. त्याचे डोळे भरले होते.

"मास्तर, आम्हाला माफ करा. सदतीस शिवणी कच्च्या आणि स्वतःच्या दारातल्या दोन पक्क्या! स्वतःचं घर झाकून आमची उघडी केलीत. माणूस असं मोजून मापून करतो तेव्हाच होतं ते."

"अरे बाबा, ते चुकून झालं."

"बघा," मावशी पदराला डोळे पुसत म्हणाली, "अजूनही चुकून म्हणतायत. किती तो साधेपणा!"

मास्तरांनी छप्पर खरोखर सोडलं होतं ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि जे त्यांनी केलंच नव्हतं त्यासाठी सगळी रांग त्यांच्या पाया पडत होती. त्यांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग हात टेकले. चावीवाल्याने उंबऱ्यावरची ती जुनी पँट उचलून मास्तरांच्या हातात दिली आणि जाताना म्हणाला, कमरेत जरा घट्ट होते, सवडीने सैल करून द्या.

बायको बहिणीकडे गेली नाही. बाहेरचं कापड तिने स्वतः सोडून आणलं, बागेचे पट्टे कापून घेतले आणि स्टुलावर चढून चारी कोपरे पत्र्याखाली बांधले. आता खाटेवर पडलं की वर हिरवळ दिसे, तिन्ही म्हातारे आता अख्खे बाकावर बसलेले दिसत आणि मधोमध कारंजं. "निदान गंज तरी अंगावर पडणार नाही," ती म्हणाली.

शेजारी चावीवाल्याचं घर भराभर उभं राहिलं. स्लॅब पडला आणि त्याला पाणी मारायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी मास्तर चावीवाल्याची पँट उसवत बसले होते तेव्हा स्लॅबवरून ओघळलेलं पाणी वर पत्र्यावर वाजलं. कापड थोडं फुगलं. मग दुहेरी शिवणीची जेवढी भोकं मास्तरांनी मन लावून पाडली होती तेवढ्या सगळ्या भोकांतून, बरोबर कारंज्याच्या मधून, बारीक धारा खाली सुटल्या.

"मास्तर!" चावीवाला वरून ओरडला. "खाली पाणी येत नाही ना?"

बायकोने वर पाहिलं.

"येतंय भाऊजी," ती म्हणाली. "कारंजं चालू झालं."

मास्तरांनी पँट बाजूला ठेवली, मशीन उचललं आणि चित्रातल्या बाकाखाली, जिथे अजून कोरडं होतं, तिथे नेऊन ठेवलं.