मावशींचा स्वेटर आणि हेतूचा रकाना

प्रामाणिकपणात आमच्या ऑफिसात माझा हात कुणी धरू शकत नाही! म्हणूनच नवी आचारसंहिता आली तेव्हा तिची चाळीसच्या चाळीस पानं वाचणारा मी एकटाच निघालो. वाचून घाबरलो. त्यातला 'कर्मचारी' सारखा लाच घेत होता, गुपितं विकत होता, मेहुण्यांना नोकरीला चिकटवत होता. बिचारा मधेच कधी पाणी प्यायला उठलाय, असं एकाही पानावर नव्हतं!

आपण तसले नाही, हे दाखवायला मी ताबडतोब भेटवस्तूंचा फॉर्म भरला. भेट: निळा स्वेटर. देणारी व्यक्ती: सफाईच्या मावशी. देण्यामागचा हेतू? इथे पेन अडलं. आई गेल्यापासून माझा डबा न उघडताच घरी परत जायचा. मावशींनी ते पाहिलं आणि स्वेटर विणायला घेतला. एवढं सगळं त्या रकान्यात मावेना. मी लिहिलं, 'अज्ञात'.

झालं! दुसऱ्या दिवशी मावशींना गेटवरच अडवलं. कंत्राटदाराकडून कामाला आलेली बाई, त्यात हेतू अज्ञात! चौकशी होईपर्यंत काम बंद. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचं घर या एका कामावर चालत होतं.

"अरे, स्वेटर अंगात घालतात," मावशी म्हणाल्या, "फॉर्मात कशाला घातलास?"

चौकशीला तीन साहेब बसले. पुरावा म्हणून स्वेटर माझ्या अंगातच. मी घामाघूम!

"मावशी, भेटीच्या बदल्यात काही अपेक्षा होती?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"होती की!"

मी डोळे मिटले. टायपिस्टने खटाखट टाइप केलं: अपेक्षा मान्य.

"पोरानं वेळेवर जेवावं. आई गेलीय हो त्याची."

खटखट थांबली. साहेबांनी आचारसंहिता पुढून चाळली, मागून चाळली. जेवणावर कलमच नव्हतं! मला रडू फुटलं. स्वेटरच्या बाह्या लांब होत्या, म्हणून निभावलं.

मावशी कामावर परत आल्या. पण नोंदलेली अपेक्षा अशी वाऱ्यावर सोडता येत नाही म्हणे! तेव्हा आता रोज एक वाजता मावशी माझा डबा तपासतात आणि रजिस्टरात सही करतात.

काल मी उरलेली भाजी झाकणाखाली दडवली. मावशींनी झाकण उचललं, शेरा लिहिला 'गैरवर्तन', आणि कलम कुठलं टाकायचं ते मलाच विचारलं.

प्रामाणिक माणूस मी. सांगितलं! कलम सात, माहिती लपवणे.