बापाला बाहेर काढलं तेव्हा

"जोडीचं आटोपलं की दोघांतल्या एकाला बाहेर काढ गं! विसरू नकोस!" असं ओरडून लिफ्ट मेकॅनिक नवरा पायात बूट कोंबत कामावर पळाला. कुठल्या एकाला, हे त्याने सांगितलं नाही आणि बायकोने विचारलं नाही. ती तेवीस वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर होती. असल्या बाबतीत तिने कुणाला काय विचारायचं?

स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाकी होती आणि टाकीत फायटर माशांची जोडी. निळ्या नराने तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं होतं. याआधी दोनदा अंडी वाया गेली होती. "आता तिसऱ्यांदा फसलं तर टाकी माझ्या ओट्यावरून उठणार," असं बायकोने बजावलं होतं. नवऱ्याचा जीव त्या टाकीत अडकला होता, त्यामुळे पंधरा दिवस तो तिच्याजवळ शिंकतही नव्हता.

अकराच्या सुमारास अंडी फेसात चिकटली. मादी दमून कोपऱ्यात पडली आणि नर कल्ले फुगवून येरझारा घालू लागला. सिस्टरने असले बाप ढिगाने पाहिले होते. नुसती लुडबुड करतात आणि ऐन वेळी चक्कर येऊन पडतात.

"चला, बाहेर व्हा! बाळंतिणीला जरा पडू दे," म्हणत तिने त्याला चहाच्या गाळणीने उचललं आणि बरणीत सोडलं.

मादी हळूहळू वर आली. सिस्टरला भरून आलं. "आली हो, लेकरांना बघायला आली!" मादीने लेकरांना बघितलं आणि एक गिळलं. मग आणखी चार. अशी पेशंट सिस्टरने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिने नवऱ्याला फोन लावला.

नवरा तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टशी झटत होता.

"अहो, आई पोरांना खातेय!"

"आईला बाहेर काढ! बापाला परत आत टाक, आधी!"

"इथे बाप कोणी नाही हो," लिफ्टमधून केविलवाणा आवाज आला. "आम्ही दोघंही आजोबा आहोत. आम्हाला बाहेरच काढा!"

इकडे अदलाबदल झाली. नर थेट तळाशी गेला आणि त्याने एक अंडं तोंडात घेतलं.

"अहो, हाही खातोय!"

"खात नाही तो! पडलेलं उचलून फेसात ठेवतो. हात लावू नकोस त्याला!"

गाळणी पाण्यात गेलीच होती, ती तिने मागे घेतली. नराने अंडं अलगद फेसात ठेवलं. दुसरं पडलं, तेही उचललं. दिवसभर त्याने ना खाल्लं ना बूड टेकलं. सिस्टर स्टूल ओढून बघत राहिली. तिला मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "चुकलं माझं." लग्नाच्या अठरा वर्षांत हे शब्द त्याने प्रथमच ऐकले. त्याने भिंतीचा आधार घेतला.

पाचव्या दिवशी साठेक पिल्लं पोहू लागली. पिल्लं कसली, दोन डोळे आणि मागे एक धागा. आता बापाचं काम संपलं म्हणून नवऱ्याने त्याला दुसऱ्या बरणीत हलवलं. सिस्टर ड्रॉपरने बारीक किडे भरवत होती. घर कसं निवांत होतं.

"काय हो," ती मध्येच म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी फक्त आईचं बोलले. बापाला मी बाहेर काढलंय, हे तुम्हाला कसं कळलं?"

नवरा पिल्लांकडे पाहून हसत होता. त्या आनंदात तो बोलून गेला, "मागच्या दोन्ही वेळी मीही त्यालाच काढलं होतं ना."

ड्रॉपर थांबला.

"आणि मला म्हणालात, पाणी खराब होतं! दोनदा टाकी घासून घेतलीत माझ्याकडून!"

नवऱ्याने दाराकडे पाहिलं. वाटेत बायको होती. पण ती रागावली नाही. तिने ड्रॉपर त्याच्या हातात दिला, स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि स्वतः खुर्चीत पाय पसरून बसली.

"त्या बापाची ड्यूटी संपली," ती म्हणाली. "आता तुमची सुरू."