अर्ध्या विजेची चोरी

माझे मामा ओल्मस-अका हे आमच्या अख्ख्या खोरेझम प्रांतातले एकमेव खासगी गुप्तहेर आहेत. हे मी म्हणत नाही, त्यांच्या कार्डावर छापलंय. त्याखाली 'मनुष्यस्वभाव, पाऊलखुणा आणि गॅस' असंही छापलंय. गॅस अशासाठी, की त्याआधी तेवीस वर्षं ते घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचत. "मीटर बघून मी माणूस ओळखतो आणि माणूस बघून मीटर," असं ते सांगतात, कोणी विचारलेलं नसताना.

त्या तेवीस वर्षांत प्रत्येक घरात त्यांना चहाचा पियाला काठोकाठ भरून मिळाला. आमच्याकडे मानाच्या माणसाला दोनच घोट ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसून राहील. काठोकाठ पियाल्याचा अर्थ एवढाच, की प्या आणि निघा. मामांनी त्यावरून निष्कर्ष काढला होता की त्या भागात चहा स्वस्त असावा.

मी त्यांचा सहायक. मला पगार नाही, पण व्हॅन माझी आहे, आणि व्हॅनशिवाय त्यांचा दरारा गल्लीच्या टोकाला संपतो. एरवी मी शेतमालक मत्याकूब-अकांच्या फवारणीच्या ड्रोनची ने-आण करतो. म्हणूनच त्या शुक्रवारी सकाळी मत्याकूब-अकांचा फोन माझ्याकडे आला आणि मामा न बोलावता व्हॅनमध्ये येऊन बसले.

कापसावरची फवारणी संपून दोन आठवडे झाले होते. ड्रोन हातपाय दुमडून पडवीत बसला होता आणि त्याच्या सहा बॅटऱ्या खरबुजांच्या कोठीत होत्या. कोठी म्हणजे हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, आत ऊन नाही, ओल नाही, आणि आढ्याला बोरूच्या शिंकाळ्यांत टांगलेली खरबुजं. जागा मीच सुचवली होती. लिथियमची बॅटरी म्हणजे तापट जावई. तिला उन्हात बसवायचं नाही, आपटायचं नाही, टोचून तर मुळीच काही करायचं नाही. प्रत्येकीला न जळणाऱ्या कापडाची पिशवी, टोकांना चिकटपट्टी, आणि सगळ्या मिळून एका लोखंडी पेटीत, खाली वाळू.

"प्रत्येकीवरचे चारपैकी चार दिवे लागत होते तेव्हा ठेवल्या," मत्याकूब-अका आम्हाला कोठीत नेऊन म्हणाले. "आज बघतो तर दोन. सहाच्या सहांत दोन! आणि उद्या पलीकडच्या गावात फवारणी आहे."

"परत भरून घेऊ की, अका. दुपारपर्यंत होतील," मी म्हणालो.

"वीज भरशील रे. माझा विश्वास कुठल्या प्लगला लावशील? कोठीची किल्ली एकट्या खुदायारकडे असते, आणि त्याच्या खोपटात टीव्ही आहे. दुपारच्या चहापर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर त्याचा पियाला मी भरून देणार."

खुदायार-अका म्हणजे शेताचे राखणदार. वय अडुसष्ट, त्यातली एकोणीस वर्षं या कोठीच्या दारात गेलेली. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते उभे होते. "मी टीव्हीवर फक्त कुस्त्या बघतो," ते हळूच म्हणाले. "आणि ती वीज माझ्या मीटरची."

"चोरही हेच म्हणतात," मामा म्हणाले.

"कुस्त्या बघतो म्हणून?"

"'फक्त' म्हणून."

मग मामा त्या लोखंडी पेटीवर बसले. विचार करायला त्यांना उंच आसन लागतं.

पहिला सिद्धान्त दहा मिनिटांत तयार झाला. शेतातून कोठीपर्यंत येताना वीज रस्त्यात सांडली.

"मामा, वीज म्हणजे ताक नाही."

"तू कधी सांडलेली बघितली आहेस का? नाही ना? मग ती कशी दिसते हे तुला काय माहीत?"

प्रयोग ठरला. एक बॅटरी बाहेर काढली. मामांनी तेवढ्यात खिशातून किल्ल्यांचा जुडगा आणि मीटर उघडायचा लांब स्क्रूड्रायव्हर काढून तिची चिकटपट्टी खरवडायला घेतली. मी दोन्ही हिसकावून घेतले. दोन टोकांना एकदम लोखंड लागलं असतं तर रहस्यही उरलं नसतं आणि मामाही. मग ती पिशवीबंद बॅटरी आपल्या चोपानात, म्हणजे गोधडीसारख्या जाड अंगरख्यात, गुंडाळून ते तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही व्हॅनमधून कालव्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक खड्ड्यावर मामा तिला "नाही हं, नाही हं" म्हणत होते. परत येऊन बघितलं, दिवे दोनच.

"बघ!" मामा विजयाने म्हणाले. "सांडायची ती आधीच सांडून गेलीय."

दुसरा सिद्धान्त वर बघताना सुचला.

"मत्याकूब, यंदा खरबुजं गेल्या वर्षीपेक्षा गोड आहेत?"

"आहेत थोडी."

"थोडी नाही. बरोबर अर्ध्याने." मामांनी एक खरबूज उतरवलं, कापलं, चाटलं आणि डोळे मिटून झटक्याची वाट बघितली. "जीभ झिणझिणतेय."

"नासलंय ते," खुदायार-अका म्हणाले. "गुरांसाठी बाजूला काढलं होतं."

मामांनी खात्री करायला आणखी तीन खाल्ली. त्यामुळे पुरावा उरला नाही आणि सिद्धान्त सोडून द्यावा लागला.

तिसरा सिद्धान्त मात्र सरळ माणसावरच आला. पेटीतल्या पिशव्यांवरच्या धुळीत बोटांचे ठसे होते. मामांनी बोट रोखलं. "खुदायार! हे कोणाचे?"

"माझेच. चारेक दिवसांपूर्वी पेटी कोमट लागली. तापल्या की पेटतात, असं तुमचा भाचा सांगून गेला होता. म्हणून मी रोज हात ठेवून बघायचो, पोराचा ताप बघतात तसा. आणि वाळूची बादली घेऊन इथेच दारात झोपायचो."

"कबुली!" मामा झाकण लावून पुन्हा पेटीवर बसत गरजले. "हात ठेवून यांनी वीज अंगात ओढून घेतली. म्हणूनच अडुसष्टाव्या वर्षी यांचे गुडघे दुखत नाहीत!"

"दुखतात की."

"कांगावा."

मला हसू आलं असतं, पण मत्याकूब-अका हसत नव्हते. त्यांना बाकीचं काही ऐकू आलंच नव्हतं, फक्त 'माझेच' एवढं ऐकू आलं होतं. चहाचं ताट घेऊन त्यांची थोरली बहीण सनोबर-ओपा आत आली, तेव्हा ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ओपा, खुदायारचा पियाला भर."

खुदायार-अकांनी टोपी डोक्यावर घातली. घरी जाताना घालतात तशी, नीट.

"किटली माझ्या हातात आहे," सनोबर-ओपा म्हणाली. "एकोणीस वर्षं या माणसाला दोन घोट ओततेय. तिसरा ओतायचा असेल तर तू ओत. आणि तुम्ही उठा हो, ओल्मस! ताट काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

मामा उठले. पेटीचं झाकण मोकळं झालं. ओपाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने ते पुसलं आणि ती वाकून बघत राहिली. झाकणावर एक कागद चिकटवलेला होता. सगळा मजकूर चिनी, म्हणून हंगामभर आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. खाली चित्रं होती. उडणारा ड्रोन, शेजारी भरलेली बॅटरी. मग एक घर, घरात भरलेली बॅटरी, पुढे दहाचा आकडा, मग बाण, मग त्याच घरात अर्धी बॅटरी, आणि तिच्याखाली बरोबरची खूण.

"यात शोधायचं काय होतं?" ओपा म्हणाली. "जाणारीला भरून द्यायचं, राहणारीला अर्धं. चीनमधल्या माणसाला कळतं आणि तुम्हाला कळेना? दहा दिवस कोणी कामाला नेली नाही, तेव्हा तिला कळलं की आता इथेच राहायचंय."

मी ड्रोन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पडून राहिली की ती स्वतःच अर्धी होते. भरलेली नुसती पडली तर फुगते. अर्धी होताना जरा कोमट लागते. हे मी शिकवायला आलो तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा अजून तुमची भाषा येत नव्हती, म्हणून माझा अर्धा पियाला उचलून बॅटरीकडे बोट दाखवत होतो."

"मग?"

"मग काय! तुम्ही मला अकरा वेळा चहा ओतलात."

मत्याकूब-अकांनी बहिणीच्या हातून किटली घेतली, खुदायार-अकांच्या पियाल्यात मोजून दोन घोट ओतले आणि छातीवर हात ठेवून तो पुढे केला. खुदायार-अकांनी आधी टोपी काढून ठेवली, मग चहा संपवला, मग रिकामा पियाला परत दिला. पुन्हा दोन घोट. पुन्हा परत. दोघांनाही घाई नव्हती.

शेवटी मत्याकूब-अका मामांकडे वळले. त्यांनी पियाला भरला आणि थांबून आणखी थोडा भरला. आता तो उचलणंही शक्य नव्हतं.

मामा वाकले. मीटर वाचतात तसे एक डोळा मिटून त्यांनी चहाची पातळी बाजूने तपासली. तेवीस वर्षांचे सगळे पियाले त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकताना मला दिसले.

"भाच्या," ते म्हणाले, "व्हॅन काढ."

त्यांच्या कारकिर्दीतला हा पहिला बरोबर निष्कर्ष.