साळूबाईंचा सेल

एका जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत होती. कोणतं जंगल ते विचारू नका, बाळांनो. तुमच्याच सोसायटीत चौकशी केलीत तरी पत्ता मिळेल.

साळूबाईंना काही टाकवत नसे. सांबराचं गळून पडलेलं शिंग दिसलं, की आणलं घरी. कासवाची रिकामी पाठ दिसली, आणली घरी. "असू दे, लागेल कधीतरी," असं त्या म्हणत. होता होता बिळात वळायलाही जागा उरली नाही. साळूबाई तोंडाने आत जात आणि पाठीने बाहेर येत.

एके दिवशी कावळ्याने निरोप आणला. साळूबाईंची लेक गोजी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तीही येत्या गुरुवारी!

साळूबाईंना आनंदाने रडू आलं. मग त्यांनी बिळाकडे पाहिलं आणि त्यांना खरंखुरं रडू आलं. लेकीला निजवायचं कुठे?

"सेल लावा," कावळा म्हणाला. कावळ्याचं शहरात जाणंयेणं होतं.

रविवारी साळूबाईंनी सगळा पसारा जांभळाच्या झाडाखाली मांडला. पळसाच्या पानावर लिहिलं, 'सेल. सकाळी आठला सुरू.' त्यामुळे माकडीणबाई सहालाच हजर झाल्या.

"काय दाखवू?" साळूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो, नुसतं बघतेय."

माकडीणबाईंनी कासवाची पाठ डोक्यावर घालून पाहिली. सगळी गाठोडी सोडली, एकही परत बांधलं नाही. शेवटी साळूबाई ज्या दगडावर बसल्या होत्या, त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा कितीला?"

"हा विकायचा नाहीये. बसायला घेतलाय."

"बघा! नेमका तोच आवडला होता," असं म्हणून माकडीणबाई रुसून निघून गेल्या.

मग सांबरराव आले. आल्याआल्या ओरडले, "अहो, हे तर माझं शिंग!"

"तुम्ही टाकून दिलं होतंत."

"टाकलं नव्हतं, पडलं होतं. आपल्याच शिंगाचे कुणी दाम मोजतं का?" सांबरराव म्हणाले. फुकट मागितलं, मिळालं नाही, तेव्हा तेही गेले.

सगळ्यात शेवटी शेजारच्या बिळातले खवलेकाका आले. काका जातीने खवले मांजर. चिकट म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांनी कासवाची पाठ उचलली. साळूबाई म्हणाल्या, पाच बोरं. त्या जंगलात बोरं चालत.

"तीन," काका म्हणाले.

"चार द्या."

"दोन."

"अहो, आत्ता तीन म्हणालात ना!"

"तेव्हा ऊन नव्हतं लागत."

साळूबाईंना गुरुवार आठवला. "बरं बाई, द्या दोन," त्या म्हणाल्या.

काकांनी पाठ झटकन खाली ठेवली. "एवढ्या लगेच तयार झालात? म्हणजे नक्की काहीतरी खोट आहे." आणि काकाही गेले.

संध्याकाळी मंडळी पुन्हा जमली. काय खपलं ते बघायला. काहीच खपलं नव्हतं. साळूबाई दगडावर बसून हमसून हमसून रडत होत्या.

"माझी गोजी बाळंतपणाला येतेय हो! पोरीला पाठ टेकायलाही जागा नाही घरात."

माकडीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! हे आधी नाही का सांगायचं?"

सगळे घराकडे पळाले. साळूबाईंनी डोळे पुसले. आता बोरं घेऊन येतील, सगळं घेऊन जातील, असं त्यांना वाटलं.

पण बाळांनो, त्या जंगलात एक रीत होती. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही.

माकडीणबाईंनी तीन दोऱ्यांचा पाळणा आणला. "चौथी बांधली की झालं," त्या म्हणाल्या. सांबररावांनी प्रेमाने एक शिंग दिलं. "तुमच्याकडे डावं आहे ना? हे घ्या उजवं. जोडी झाली." खवलेकाकांच्या तर नऊ खेपा झाल्या. तडा गेलेला माठ, खुंटा नसलेलं जातं, तीन पायांचा पाट.

"अहो, कशाला एवढं!" साळूबाई म्हणाल्या.

"असू दे, लागेल कधीतरी," काका म्हणाले.

आलेला आहेर परत करायचा नसतो. साळूबाईंनी सगळं आत कोंबलं. राहिलं ते दारात रचलं.

गुरुवारी गोजी आली. बिचारी पार अवघडली होती. "आई, आपलं घर कुठे गेलं?"

"ह्याच्यामागे आहे, बाळा."

"मला कळा येतायत गं!"

साळूबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारी खवलेकाका आपल्या दारात उभे होते. "साळूबाई, बघा तरी, बीळ कसं मोकळंमोकळं झालंय!" ते म्हणाले. आत खरंच काही नव्हतं. झाडून लख्ख केलेलं, ऐसपैस, गार.

साळूबाईंनी बघितलं. मग गोजीचा हात धरला आणि तिला थेट आत नेऊन निजवलं.

"अहो, हे काय? किती दिवस?" काका दारातून ओरडले.

"सव्वा महिना," आतून साळूबाई म्हणाल्या. "मी आजी होतेय, काका! ओरडू नका."

दुपारपर्यंत दोन गोजिरवाणी पिल्लं झाली. सगळ्या जंगलाने पेढे खाल्ले. काका जांभळाखाली राहायला गेले. बुडाखाली ओल लागायला लागली, तेव्हा त्यांनी तो तीन पायांचा पाट मागितला.

"पाच बोरं," साळूबाई म्हणाल्या.

काकांनी निमूटपणे मोजून दिली. सेलमधली तेवढी एकच विक्री झाली.

तात्पर्य: घरातला पसारा चुकूनसुद्धा काढू नये. घर मोकळं दिसलं, की शेजारी तिथे बाळंतपण काढतात.